आतला टायर

—अगं त्या खुर्चीवर नको, तिचा चौथा पाय नुसता शोभेला आहे, टेकवून ठेवलाय तिथे. टायरवर बस. हां, त्याच्यावरच, स्वच्छ आहे तो, सकाळीच काळा रंग मारलाय, वाळलाय आता, कपड्यांना नाही लागायचा. बस निवांत. पंक्चर म्हणजे काय चहाचा कप नाही, हाक मारली की समोर आला—त्याला वेळ लागतो. आधी स्कूटरचं चाक काढायचं, मग टायर उचकटायचा, मग ट्यूब, मग पाण्याचं घमेलं, मग बुडबुडा कुठून येतो ते बघत बसायचं, आणि बुडबुड्याचा स्वभाव असा की आपण बघत असलो की तो लाजतो. किती वाजले? चार. आणि तुला पाचला पोचायचंय. कुठे? पुलापलीकडे, हत्तीवाल्यांच्या ऑफिसात—ते नको सांगू, दिसतंय मला, जाकिटाच्या पाठीवर एवढा थोरला हत्ती आहे, मी काय आंधळा आहे का. सही व्हायच्या आधीच जाकीट दिलं? देतात. आधी जाकीट, मग फोटो, मग सही. क्रम कधी चुकत नाही त्यांचा. फोटो झाला ना तुझा? गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून, हात असा दारावर? वाटलंच. पहिली बाई ड्रायव्हर म्हटल्यावर कॅलेंडरवर छापतील तुला, सहा महिने भिंतीवर राहशील. तोंड वाकडं करू नकोस, मला काही वाईट नाही म्हणायचं, माणसांना भिंतीवर लागायला मरावं लागतं, तुझं आधीच जमलं.

हा पान्हा दे जरा. तो नाही, त्याच्या शेजारचा. बरोब्बर. हात चांगला आहे तुझा, पान्हा दांड्याला धरलास, नवीन माणसं तोंडाला धरतात. ट्रेनिंग कधी संपलं, गेल्या आठवड्यात? आणि त्याआधी काय करायचीस—शिलाई कारखान्यात? किती वर्षं? नऊ वर्षं शर्टाच्या कॉलरी? फक्त कॉलरी? बाप रे. मग ट्रक बरा, निदान समोरचा रस्ता बदलतो. मी विचारतोय कारण मीही बावीस वर्षं चालवला. अठरा चाकी. झोपेत चालवायचो, खरंच झोपेत, एकदा झोपलो ते जागा झालो तेव्हा माल उतरवून झाला होता आणि पावतीवर माझ्याच अक्षरात सही होती. हसतेस काय, पावती आहे घरी. आणि हा पाय? हो, लंगडतो थोडा. मगरीने धरला होता. नदीतून गाडी काढत होतो, पूल वाहून गेलेला, दार उघडून पाणी किती आहे बघायला पाय खाली सोडला, तर खाली ती. मग काय, मी क्लच, ती पाय. शेवटी हॉर्न वाजवला तेव्हा सोडला तिने, आवाज नाही सहन होत त्यांना.

फाइल दाखव. अगं दाखव, मी काय खातोय का, हात पुसले बघ. तीन पत्रं? तिघांनीही बोलावलंय? मग तू पाचची घाई कशाला करतेस, सही एकाकडेच करायचीय ना, आणि ती एकदाच करायचीय. एकदा केलीस की ट्रेनिंगचं मूळ प्रमाणपत्र त्यांच्या लोखंडी कपाटात जाणार दोन वर्षं, आणि ते प्रमाणपत्र हातात नसलं तर दुसरी कुठलीही कंपनी तुला फाटकात उभं करत नाही. वाचलंस ना ते? खाली बारीक अक्षरात आहे. नाही वाचलं. कोणी वाचत नाही, मी तरी कुठे वाचलं होतं. जाऊ दे. एकेक घेऊ.

ही निळ्या गाड्यांवाल्यांची. मोठी कंपनी, सगळं नवं, केबिन थंडगार, सीट अशी की माणूस बसला की उठायचं नाव घेत नाही. पण आरशाच्या वर एक कॅमेरा आहे तो रस्त्याकडे नाही बघत, तुझ्याकडे बघतो. जांभई दिलीस की टुंई. इकडेतिकडे बघितलंस की टुंई. माझ्या ओळखीचा एक जाड्या आहे त्यांच्याकडे, त्याला शिंक आली, लागोपाठ सात शिंका, तर मुख्य ऑफिसातून फोन, तब्येत बरी आहे ना. तो म्हणतो, पंचवीस वर्षांच्या संसारात बायकोने कधी विचारलं नाही. रडला तो. आता रविवारी घरी बसून जेवतानाही मान सरळ ठेवतो, पोरं घाबरतात त्याला. पण एक सांगतो, गाड्या चांगल्या आहेत त्यांच्या. टायर माझ्याकडून नाही घेत, म्हणून सांगतोय.

—कोणाचा फोन? आई? घे, घे. मी ऐकत नाही. …काय म्हणते? हत्तीच? फोटोमुळे म्हणते ना. शेजारणीला सांगून झालं असेल. आयांचं तसंच असतं, माझी आई मी गेलो तेव्हा—बाजूला सरक जरा, घमेल्यात पाणी ओततोय.

ही दुसरी. चुलता-पुतण्याची. हे पत्र हाताने लिहिलंय बघ, आणि दोन वेगवेगळ्या पेनांनी. अर्धं चुलत्याने, अर्धं पुतण्याने. नऊ गाड्या आहेत त्यांच्या, त्यातल्या दोन माझ्यापेक्षा म्हाताऱ्या. चुलता आणि पुतण्या एकाच खोलीत, एकाच टेबलाशी, समोरासमोर बसतात आणि सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण कशावरून झालं ते दोघांनाही आठवत नाही पण कोणी माघार घेत नाही. कामाचं सगळं ड्रायव्हरमार्फत. चुलता म्हणणार, त्याला सांग खिडकी लाव. खिडकी त्याच्या हाताशी, हा समोर, आणि ड्रायव्हर मध्ये उभा राहून म्हणणार, मालक, ते म्हणतात खिडकी लावा. पुतण्या म्हणणार, त्यांना सांग मला उकडतंय. असं चालतं. नवीन ड्रायव्हरला पहिल्या महिन्यात गाडी कमी आणि निरोप जास्त. थंडगार हवा? केबिनमध्ये पंखासुद्धा नाही ग, खिडकी उघडायची. जाकीट कसलं देतात, गेल्या वर्षी एक टोपी दिली होती, एकच, सगळ्यांत मिळून.

पण तिथे एक झालं होतं. त्यांचा एक बोकडदाढीवाला ड्रायव्हर आहे, घुमा माणूस, दिवसाला चार शब्द. एकदा माल भरलेला, पावती हातात, आणि याने गाडीभोवती फिरून लाकडी हातोडीने टायर ठोकले—तुला शिकवलं ना ठोकायला, आवाज ऐकायचा, भरलेला टायर ठण्ण करतो, मेलेला भद्द—तर ठोकून आला आणि म्हणाला, नाही. काय नाही? नेत नाही. बस, एवढंच. चुलता तापला, पुतण्या तापला, दोघांनी मिळून त्याला असा झापला, असा झापला, की सहा वर्षांत पहिल्यांदा दोघं एका सुरात बोलले. आणि शिव्या देत देत दोघं गाडीखाली शिरले. पालथे. चुलता सत्तरीचा आहे. चाक उतरवलं, दुसरं चढवलं, माल तीन तास उशिरा गेला, गिऱ्हाइकाने चुलत्याची आई-बहीण काढली. दुसऱ्या दिवशी दाढीवाला परत कामावर, चुलता म्हणाला, त्याला सांग चहा घे. बास.

म्हणून मी नवीन ड्रायव्हरला सांगतो, कंपनी कशी आहे ते विचारायचंच नाही कोणाला. पहिल्या दिवशी गाडी दाखवतील, तिच्याभोवती फिर आणि नाही म्हण. कारण असो नसो, म्हण. मग साहेबाच्या तोंडाकडे बघ. गाडीखाली वाकला तर थांब. घड्याळाकडे बघितलं तर निघ.

बुडबुडा? नाही येत अजून. बारीक असणार. बारीक भोक फार छळतं.

आता हत्ती. हत्तीचं पत्र बघ कसं गुळगुळीत आहे, हात फिरवावासा वाटतो. वर्षात स्वतःची गाडी, चहाबरोबर बिस्किटं, तुला मॅडम म्हणाले? म्हणाले ना. मलाही सर म्ह—सगळ्यांनाच म्हणतात. माझा एक मित्र होता. तुझ्याच वयाचा तेव्हा. तो गेला हत्तीकडे, का तर जाकीट आवडलं. कंपनी जाकिटावरून निवडणारा माणूस किती शहाणा असेल बघ. घातलं, आरशासमोर उभा राहिला, घरभर फिरला, आई म्हणाली काढून तरी झोप. तर पहिल्या दिवशी सकाळी तपासणीचा कागद दिला हातात. गाडी काढायच्या आधी भरतात ना तो, ब्रेक, दिवे, टायर, आरसे, एकेक बघायचं आणि पुढे बरोबरची खूण करायची. तुला शिकवलाय. तर हत्तीच्या कागदावर खुणा छापलेल्याच असतात. अगं खरंच, छापखान्यातूनच. ब्रेक, बरोबर. टायर, बरोबर. सगळं बरोबर, फक्त खाली सहीची जागा कोरी. वेळ वाचतो म्हणतात. याला वाटलं किती प्रगत कंपनी आहे. एकोणीस दिवस सह्या केल्या त्याने.

विसाव्या दिवशी—ऐक, हे गमतीचं आहे—गाडीत माल काय, तर संडासाची भांडी. पांढरी, चिनी मातीची, एकशेवीस. लांब उतार, खाली वळण, वळणाच्या पलीकडे फुटबॉलचं मैदान, मॅच चाललेली. उताराच्या मधोमध मागचं जोडचाक—म्हणजे दोन टायर शेजारी शेजारी असतात ना, बाहेरचा दिसतो, आतला दिसत नाही—तर आतला फुटला. बाहेरच्या बिचाऱ्यावर सगळा भार, तो दोन सेकंदात गेला. गाडी लागली एका अंगाला जायला. वळणाशी चहाची टपरी, टपरीत पाच-सहा माणसं, मी स्टिअरिंग असं सगळं—त्याने, त्याने स्टिअरिंग सगळं उलटीकडे ओढलं आणि गाडी कठडा तोडून मैदानात. दोन खांबांच्या मधून. गोल दिला पंचांनी, कोणाला द्यायचा यावर भांडण झालं. आणि भांडी उडाली ती मैदानभर, आणि काय सांगू तुला, निम्मी सरळ उभी पडली. रांगेत. दोन खेळाडू दमले होते, ते बसलेच.

तू हसत नाहीयेस.

मगर? मघाशी मगर म्हणालो? मगरही होती, ती दुसऱ्या वेळी. नाही नाही, बावीस वर्षंच चालवला—तू काय कॉलरी शिवता शिवता टाके मोजत होतीस का ग, एवढं लक्ष कशाला देतेस माणसाच्या बोलण्याकडे. बरं. एकोणीस दिवस. एकोणीस दिवस आणि विसाव्याचा अर्धा. झालं समाधान? पाय तिथेच गेला, पेडल आणि केबिनचा पत्रा यांच्यामध्ये. पाच आठवडे दवाखान्यात. हत्तीचा साहेब आला भेटायला, संत्री घेऊन आला, चांगला माणूस, पलंगाच्या कडेला बसला आणि खिशातून तो कागद काढला. म्हणाला, टायर बरोबर, असं तुम्हीच लिहून दिलंय, खाली तुमची सही. होतीच माझी. झोकदार सही करायचो मी तेव्हा, शेवटी एक फर्राटा. लायसन गेलं. जाकीट राहिलं. हे बघ, हे. ज्याला मघापासून हात पुसतोय ना ते. इथे धर उजेडात, सोंड दिसते अजून, आणि हा कानाचा तुकडा. कापड चांगलं होतं, ते नाकारत नाही.

म्हणून आतला टायर. कोणी बघत नाही तो. तपासणीवाला बघत नाही, वाकावं लागतं, विजार मळते. हत्तीवाल्यांचं काम त्यामुळे सोपं आहे, बाहेर नवा टायर, आत उतरवलेला. अगदी गोटा झालेला, केसाइतकीही खाच नाही, त्याच्यावर गरम पात्याने नव्या खाचा कोरायच्या. नाजूक काम आहे, हात हलला तर रबराच्या आतली तार दिसायला लागते, प्रत्येक खाच सारख्या खोलीची यायला पाहिजे, वरून काळा रंग मारला की खुद्द कारखानदाराला ओळखू येणार नाही. या सबंध रस्त्यावर तसं काम एकच माणूस—

हां.

नाही, तू विचार. विचार ना. मला कसं माहीत, हेच ना. मीच कोरतो. बारा वर्षं झाली. कोणालातरी कोरायचंच होतं, मी नाही कोरले तर ते पुढच्या चौकातल्या पंक्चरवाल्याकडे जातील. तो नाही करणार म्हणा, तो तसला नाही, पण अजून कोणी मिळालं असतं. अशी बघू नकोस माझ्याकडे. अगं ते रोजचं गिऱ्हाईक आहे, तुझ्यासारखे स्कूटरवाले आठवड्याला दोन येतात आणि त्यातल्या एकाला नुसता रस्ता विचारायचा असतो. आणि मी कोणाला फसवत नाही, ते विचारत नाहीत, मी सांगत नाही. ड्रायव्हर कधी विचारत नाहीत. इथे समोर उभं राहून चाक बसवून घेतात आणि विचारत नाहीत. मीही नव्हतं विचारलं.

त्या पत्रावर गाडीचा नंबर दिलाय का ग तुला? उलट बाजूला बघ. मोठ्याने वाच.

अकरा.

हो, मला माहीत होतं. सकाळी त्यांचा सुपरवायझर आला होता, याच खुर्चीवर बसला, पडला, मग उठून म्हणाला, अकरा नंबरला उद्यापासून नवीन बाई येतेय, मागचा डावा आतला टायर तयार ठेव, साडेचारला गाडी पाठवतो. मी तयार ठेवला. मी कामाला चुकत नाही. मग दुपारी तू शेजारच्या टपरीवर चहा प्यायला थांबलीस, पाठीवर हत्ती, हातात फाइल, आणि टपरीवाल्याला सांगत होतीस की पाचला सही आहे. मी म्हटलं, हीच.

ऊठ. ऊठ एक मिनिट तिथून. नाही, कपड्यांना काही लागलं नाही, सांगितलं ना वाळलाय म्हणून. ज्याच्यावर तू मघापासून बसलीयेस ना, तोच तो. हातोडी घे, तिथे टांगलीये. रिंगवर चढवून हवा भरलीये, ठोक. काय आवाज आला? माहितीये मला काय आवाज आला. बोटं घाल खाचेत. खोलवर. टोचलं? ती तार.

आता जे काय बोलायचं असेल ते बोल. …एवढंच? माझी बायको याच्यापेक्षा जास्त बोलते, आणि ती नुसतं भाजी महाग झाली म्हणून. आणि स्कूटरचं म्हणशील तर—पंक्चर नाहीये तुला. नव्हतंच. बुडबुडा कुठून येणार. वॉल्व्हची पिन काढली मी, तू चहाला पाठमोरी होतीस तेव्हा. ही घे, खिशात आहे. दोन मिनिटांत हवा भरतो, चाक चढवतो, साडेचारला तुला मोकळी करतो, पाचच्या आत पुलापलीकडे पोचशील, बिस्किटं खाशील. मी कोण अडवणारा. कुठे जा ते मी नाही सांगत, एकोणीस दिवस ट्रक चालवलेल्या माणसाचा सल्ला घेऊ नये कोणी. मी फक्त हवा काढली.

धर चाक. हां, बोल्ट फिरव, मी दाबतो. चांगलं. नऊ वर्षं कॉलरी शिवून हाताला सवय लागली असणार, सगळं सारखं आवळतेस.

—आला. तो बघ हॉर्न. अकरा नंबरच. वेळेचे मात्र पक्के. छान दिसते ना गाडी? बाहेरून छानच दिसते, धुतलीये तुझ्यासाठी.

ते पातं दे. लाकडी मुठीचं, गरम नाहीये. मागे सरक, आधी हवा सोडतो. एवढा सुबक कोरला होता ग, जीवावर येतंय, या बाजूची रेघ बघ, फूटपट्टीने मारल्यासारखी—तर. असं. आणि इथून असं. झालं, आता याच्यात रोपटं लावायचं, बाकी काही नाही. तू कशाला माझा हात धरतेस, मला काही होत नाही, घाम आहे तो. त्या हॉर्नवाल्याला काय सांगू? काय सांगायचं त्यात, तो दाढीवाला सांगतो तेच. एकच शब्द आहे. तोंडात बसतोय का बघतो, सवय नाही.

हे काय, जाकीट काढलंस? थंडी वाजेल की स्कूटरवर. ठेवतेस? बरं, खुर्चीवर नको टाकू, पडेल, तिथे खिळ्याला अडकव. माझं फडकं नाहीतरी झिजलंच होतं. आईला काय सांगशील ते तुझं तू बघ, मला फोन लावून देऊ नकोस. चुलत्याचं फाटक? या गल्लीच्या शेवटी डावीकडे, पांढरं, अर्धंच रंगवलेलं, दुसऱ्या अर्ध्याचा रंग कोणता यावर निर्णय व्हायचाय. सहापर्यंत असतात. दोघांना वेगवेगळा नमस्कार कर, नाहीतर एक रुसेल.

ओरडू नको रे, आलो, दिसतंय मला.

जा तू. आणि पुन्हा हवा गेली तर इकडे येऊ नकोस. पुढच्या चौकात आहे एक पंक्चरवाला. प्रामाणिक आहे तो, आणि बोलतही नाही.